वजीर उतरवून

परवा दुपारी जेवणं झाल्यावर भाचीनं पट मांडला. कोल्हापुरात पट म्हटलं की आधी खासबागेतली कुस्ती डोळ्यांपुढं येते, पण हा चौसष्ट घरांचा. ती दहा वर्षांची, क्लासला जाणारी. मी पन्नाशीचा, तालमीच्या कट्ट्यावर शिकलेला. जोड विजोड होती. कुणाच्या बाजूनं, ते तेव्हा कळलं नाही.

पांढरी तिची. तिनं वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मधली सगळी रानं मोकळी आणि ही बांधावरून!

"ह्याला ओरांगउटान म्हणतात, मामा."

१९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तार्ताकोव्हर नावाचा बुद्धिबळपटू प्राणिसंग्रहालयातलं ओरांगउटान बघून आला आणि ही चाल खेळला. असेल बुवा.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं. जन्मभर दुसरी सुरुवात केली नाही. चहाही आलं घातल्याशिवाय घेत नाही मी. तिनं उंट त्या रिकाम्या घरात आणला. माझ्या उंटानं तिचं ते फुकटचं प्यादं खाल्लं, तिच्या उंटानं माझं मधलं. त्याला हुसकायला मी वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं. उंट हलला खरा, पण घोड्यापुढचं प्यादं खाऊन थेट हत्तीच्या उरावर! चौथीच चाल. हत्तीला पळायला घर नाही.

कट्ट्यावर एक म्हातारे वस्ताद बसायचे. मोडलेले कान, धरलेला गुडघा. खेळ देशी: प्यादं एकेक घरच चालायचं, राजाला एकदा घोड्याची उडी. मला बसवलं की आपला वजीर उचलून टोपीत टाकायचे. "हं, चल." डोकंच फिरायचं माझं. एकदा हट्टच धरला, वजीर लावा म्हणून. लावला त्यांनी. आणि त्या दिवशी मी जिंकलो! घरापर्यंत पळत गेलो, महिनाभर गल्लीत तेच सांगत होतो.

वस्तादांनी तो वजीर डावभर जागचा हलवला नव्हता. हे ध्यानात आलं परवा, हत्ती जाताना.

दुसरा डाव मांडताना भाचीनं विचारलं, "मामा, मी वजीर काढून खेळू?"

"काही गरज नाही," मी म्हटलं.

तिनं तेच कडेचं प्यादं उचललं.

"थांब जरा. हत्ती काढलास तर चालेल."