तुम्ही विचारलंत म्हणून: बाजार आहे, मग आयोग कशाला?

वीजदराच्या जाहीर सुनावणीला मी जातो हे कळलं की सोलापुरातले यंत्रमागवाले हमखास विचारतात, "अहो, आता अख्ख्या देशाची वीज एका बाजारात मिळते. स्वस्त असेल तिथून घ्यावी. हा वीजदर ठरवणारा नियामक आयोग मध्ये कशाला?"

मी त्यांना बिल काढायला लावतो. स्थिर आकार, वहन आकार यांच्या जोडीला एक ओळ असते, इंधन समायोजन आकार. बोट तिथे ठेवा म्हणतो.

३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तोवर तिकडे वीज न्यायला तारा अपुऱ्या, म्हणून एक्स्चेंजवर, म्हणजे त्या वीजबाजारात, दक्षिणेचा भाव बरेचदा चढाच असे. हा सांधा आपल्या सोलापुरात जुळला याचा मला अभिमान आहे. पण ग्रिड एक झालं की दूरची टंचाईही आपल्या दारात येते. मार्च २०२२मध्ये ऊन लवकर तापलं, कोळसा कमी पडला आणि एक्स्चेंजवर युनिटचा भाव २० रुपयांपर्यंत गेला. सूत महागलं तर तुम्ही चार दिवस माग बंद ठेवता. वीज कंपनीला ती सोय नाही. एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ सौदे होतात, आणि संध्याकाळी लागणारी वीज संध्याकाळीच हवी. असा अडलेला गिऱ्हाईक समोर असताना भाव आपोआप उतरत नाही. एप्रिल उजाडताच केंद्रीय वीज नियामक आयोगाने १२ रुपयांची मर्यादा घातली, ती म्हणूनच.

बाजारावर नजर केंद्राच्या आयोगाची, बिलावर राज्याच्या. महाग खरेदीचा फरक नंतर इंधन समायोजनाच्या त्या ओळीतून तुमच्याकडे येतो. ही खरेदी टळली असती का, आपला एखादा वीजनिर्मिती संच ऐन वेळी बंद का होता, हे विचारायची जागा म्हणजे सुनावणी. तिथे आपली माणसं फार थोडी येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काही वर्षांपूर्वी एक वयस्कर विणकर चार महिन्यांची बिलं पिशवीत घालून आले होते. "ही ओळ दर महिन्याला का बदलते?" एवढंच त्यांनी विचारलं. लेखी द्या, असं उत्तर मिळालं. मग बाहेरच्या बाकावर बसून ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. खाली सही केली, आत जाऊन पोच घेतली. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत त्यांनी तो कागद घडी न घालता हातातच धरून ठेवला.