नेब्रास्का सोडून गेलेल्या नेब्रास्काच्या कादंबरीकार

अमेरिकन लेखिका विला कॅथर यांच्या कादंबऱ्यांविषयी मी बोलू लागले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या लेखिकेने वयाच्या बाविसाव्या वर्षी नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातले गवताळ मैदानांचे राज्य सोडले आणि पुढचे बहुतेक आयुष्य न्यूयॉर्कमध्ये काढले, तिला नेब्रास्काची प्रादेशिक कादंबरीकार का म्हणायचे? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते कॅथर तो प्रदेश लिहू शकल्या त्या तिथून दूर गेल्यामुळेच. पण त्याआधी त्या तिथे बाहेरून आल्या होत्या, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

त्यांचा जन्म १८७३ मध्ये व्हर्जिनियात, विंचेस्टरजवळच्या झाडीने भरलेल्या डोंगराळ भागात झाला. १८८३ मध्ये कुटुंब नेब्रास्कातील वेबस्टर काउंटीत आले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. तो प्रदेश आपल्याला लोखंडी पत्र्यासारखा उघडाबोडका भासला, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत असल्यामुळे बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश), स्वीडन, नॉर्वे, जर्मनी इथून माणसे येऊन थडकली होती. घर बांधायला लाकूड मिळत नसे, म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या तुकड्यांनी भिंती रचल्या जात. लहानगी विला घोड्यावर बसून या शेजाऱ्यांकडे जाई आणि पाव भाजणाऱ्या, लोणी काढणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपाशी बसून राही. त्यांना इंग्रजी जेमतेम येत असे, तरी त्या आपल्या मागे राहिलेल्या देशाविषयी तिला कितीतरी सांगत. त्या बायकांप्रमाणे तीही मुळापासून उपटून इथे आणलेली होती. तिथेच जन्मलेल्या मुलाला जे रोजचे वाटले असते, ते तिला जपून ठेवण्यासारखे वाटले, याचे कारण मला यातच दिसते. दीडेक वर्षाने कुटुंब जवळच्या रेड क्लाउड गावात राहायला गेले. पुढे वेगवेगळ्या नावांनी त्यांच्या अनेक कादंबऱ्यांत येणारे गाव ते हेच.

१८९५ मध्ये नेब्रास्कातील लिंकन शहरातल्या विद्यापीठातून पदवी घेऊन त्या पुढच्याच वर्षी पिट्सबर्गला गेल्या. तिथे आधी पत्रकारिता आणि मग शाळेत शिकवणे झाल्यावर १९०६ पासून न्यूयॉर्कच्या ‘मॅक्लूअर्स’ मासिकात संपादन सुरू झाले. इथे एक पत्र निर्णायक ठरले. मेन राज्याच्या किनारपट्टीवरील जीवन लिहिणाऱ्या ज्येष्ठ कथाकार सेरा ऑर्न ज्यूएट यांनी १९०८ च्या डिसेंबरमध्ये त्यांना कळवले की मासिकाचे काम तुमची लेखनाची शक्ती खाऊन टाकत आहे आणि तुम्ही आपले स्वतःचे शांत केंद्र शोधून तिथून लिहायला हवे. पुढच्याच वर्षी ज्यूएट वारल्या. सल्ला मनावर घ्यायला कॅथर यांना वेळ लागला. १९१२ ची पहिली कादंबरी ‘अलेक्झांडर्स ब्रिज’ ही बोस्टन आणि लंडनमध्ये वावरणाऱ्या एका पूल बांधणाऱ्या अभियंत्याची होती. साहित्यिक वर्तुळात शोभेल असा विषय. त्याच वर्षी ॲरिझोनातील कोरड्या दऱ्याखोऱ्यांत भावासोबत हिंडून आल्यावर त्यांनी ‘ओ पायोनियर्स!’ हातात घेतली. ती १९१३ मध्ये आली आणि ज्यूएट यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. नेब्रास्कात काय घडते याच्याशी आपल्याला काडीचेही देणेघेणे नाही, मग लिहिणारा कोणी का असेना, असे न्यूयॉर्कच्या एका समीक्षकाने म्हटल्याचे कॅथर यांनीच नोंदवले आहे. या कादंबरीतील अलेक्झांड्रा बर्गसन, शेजारी हताश होऊन जमीन विकत असताना, घर गहाण ठेवून आणखी जमीन घ्यायला भावांना राजी करते. नांगर, कर्ज, दुष्काळ हाच त्या प्रदेशाचा आशय आहे आणि कॅथर यांनी तो नायिकेच्या हाती सोपवला.

‘माय अँटोनिया’ (१९१८) मात्र माझ्या लेखी त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी. तिचा काही भाग त्यांनी न्यू हॅम्पशायरमधील जॅफ्री इथे कुरणातल्या तंबूत बसून लिहिला. १९४७ मध्ये त्यांचे दफनही जॅफ्रीलाच झाले. कादंबरीचा निवेदक जिम बर्डन हादेखील व्हर्जिनियातून आलेला आणि पुढे न्यूयॉर्कला गेलेला वकील आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नातले अंतर त्यांनी कादंबरीच्या रचनेतच बांधून घेतले आहे. अँटोनियाचे वडील, बोहेमियात व्हायोलिन वाजवणारे शिमर्डा, पहिल्याच हिवाळ्यात आत्महत्या करतात आणि त्यांना शेताच्या कोपऱ्यावर पुरले जाते. पुढे त्या जागी रस्त्यांची आखणी होते, तेव्हा सरळ रेषेत आलेले रस्ते त्या थडग्याला किंचित वळसा घालून जातात. अशा तपशिलासाठी नकाशाही ठाऊक असावा लागतो आणि शोकही.

प्रथम महायुद्धावरील ‘वन ऑफ अवर्स’ला १९२३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, पण तिचा नेब्रास्कातील पूर्वार्ध मला फ्रान्समधील उत्तरार्धाहून कितीतरी खरा वाटतो.

एक उणीव सांगायलाच हवी. कॅथर यांचे कुटुंब येण्याच्या थोडेच आधी, १८७० च्या दशकात, पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीला नेब्रास्कातून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या आजच्या ओक्लाहोमातील प्रदेशात, जावे लागले होते. ‘माय अँटोनिया’त त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची खूण म्हणून गवतातले एक पुसट वर्तुळ तेवढे येते. इतक्या बारीक नजरेच्या लेखिकेने हे एवढ्यावर सोडावे, याचे मला दुःख वाटते.

जन्मभूमी व्हर्जिनियाकडे कादंबरीसाठी त्या पूर्णपणे वळल्या त्या थेट १९४० मध्ये, ‘सफायरा अँड द स्लेव्ह गर्ल’ या शेवटच्या कादंबरीत. गुलामगिरीतून कॅनडाला निसटलेली एक स्त्री पंचवीस वर्षांनी आईला भेटायला परत येते आणि पाच वर्षांची एक मुलगी ते पाहते, अशी तिची अखेर आहे. ती मुलगी म्हणजे स्वतः कॅथर. डोळ्यांनी पाहिलेला तो प्रसंग लिहायला त्यांना साठ वर्षे लागली.