विणकामाच्या सुया, सुरक्षा तपासणी आणि एक लेखी उत्तर

विणकामाच्या सुया विमानाच्या केबिनमध्ये नेता येतात, हे सुरुवातीलाच लिहून ठेवते. कारण हे एक वाक्य अधिकृतपणे, लेखी मिळवण्यासाठी मला जेवढी चिकाटी धरावी लागली, तेवढी मुले घराबाहेर पडल्यानंतर दुसऱ्या कशासाठीही धरावी लागलेली नाही. मुलगी नोकरीसाठी दूर गेली, पाठोपाठ मुलगा शिक्षणासाठी गेला, आणि इतरांच्या वेळा सांभाळण्याचे काम संपल्यावर आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकलेला प्रवास सुरू केला. मुलांच्या लहान स्वेटरांनंतर बाजूला पडलेले माझे विणकामही त्याबरोबर परत आले. तिकिटे, मुक्काम, मागे राहिलेल्या घराची व्यवस्था हे सारे विनासायास जमले, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही. अडले ते सुरक्षा तपासणीच्या एका टेबलाशी.

त्या वेळी सुयांवर मुलीसाठी विणायला घेतलेली जाळीच्या नक्षीची त्रिकोणी शाल होती. अशी शाल मानेपासून खाली विणत गेले की बहुधा दर सुलट ओळीला चार टाके वाढतात, त्यामुळे अखेरीस एका सुईवर तीनशेहून अधिक टाके येतात. साध्या सुलट-उलट विणीतला सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने उचलून घेता येतो. जाळीत तसे सोपे नसते. धागा वर घेऊन केलेले छिद्र आणि त्याच्या जोडीचा एकत्र विणलेला टाका दोन्ही उसवले, की कोणता फास कोणत्या ओळीतला हे ओळखणे फार कठीण जाते. त्यामुळे तपासणी करणाऱ्या तरुण अधिकारी बाईंनी ‘मॅडम, या सुया टोकदार आहेत, त्या इथेच ठेवाव्या लागतील,’ असे सांगितले, तेव्हा त्या माझे कित्येक महिन्यांचे काम मागत होत्या.

त्या उद्धटपणे बोलल्या नाहीत, हे आवर्जून सांगते. मी विचारले, ‘कोणत्या नियमानुसार?’ त्यांनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवले. फलकावर चाकू, मोठ्या कात्र्या आणि सुतारकामाची हत्यारे होती. विणकामाच्या सुया तेथे नव्हत्या. मी तसे म्हटल्यावर त्यांनी वरिष्ठांना विचारावे लागेल असे सांगून माझा ट्रे बाजूला सरकवला. वरिष्ठ दुसऱ्या टोकाला होते आणि त्यांना बोलावून आणायला कोणी मोकळे नव्हते. माझ्यापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले: सुया काढून द्याव्यात, किंवा परत बाहेर जाऊन त्या मोठ्या सामानात टाकाव्यात. मोठे सामान तर केव्हाच पुढे गेले होते. पलीकडे माझे यजमान दोघांच्या पिशव्या घेऊन उभे होते, आमच्या विमानाची घोषणा सुरू झाली होती, आणि रांगेतले लोक माझ्या अंगावरून पुढे जात होते. वरिष्ठ येईपर्यंत मी येथून हलणार नाही, एवढेच मी शांतपणे सांगितले. तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते, आणि कोणावर अशी वेळ आली तर त्यांनीही आवाज न चढवता हेच करावे. अखेर वरिष्ठ आले, त्यांनी शाल उलगडून पाहिली, सुईचे टोक बोटाने चाचपले आणि ‘याला परवानगी आहे,’ म्हणून पिशवी माझ्या हातात दिली. एका व्यक्तीला क्षणात सांगता येणारी गोष्ट टेबलावरच्या व्यक्तीला ठाऊक नसावी आणि तिची किंमत प्रवाशाने मोजावी, याचा राग माझ्या मनातून गेला नाही.

म्हणून परतल्यावर मी त्या विमानतळाच्या कार्यालयाला लिहिले. तक्रारीच्या अर्जात तीनच प्रकार होते: वस्तू हरवणे, वस्तूचे नुकसान आणि कर्मचाऱ्यांची वागणूक. परवानगी असलेली वस्तू अडवली गेली, हे नोंदवायला जागाच नव्हती, आणि नम्रपणे वागलेल्या मुलीविरुद्ध वागणुकीची तक्रार करणे मला मान्य नव्हते. मी साधे पत्र पाठवले. पोच मिळाली, उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले, तेव्हा अर्ज भरण्याची सूचना आली. त्यापुढच्या पत्रात मी तक्रार हा शब्दच टाळला आणि ‘विणकामाच्या सुया केबिनमध्ये नेण्यास परवानगी आहे किंवा नाही, हे कृपया कळवावे,’ एवढे एकच वाक्य लिहिले. त्याला उत्तर आले: परवानगी आहे, मात्र अंतिम निर्णय तपासणी अधिकाऱ्याचा राहील. त्या कागदाची प्रत आता विणकामाच्या पिशवीतच असते.

शेवटची अट सर्वत्र आढळते. सप्टेंबर 2001 मधील हल्ल्यांनंतर केबिनमधील टोकदार वस्तूंवर अनेक देशांनी कडक बंधने आणली. आज अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्या प्रसिद्ध नियमांत विणकामाच्या सुयांना परवानगी आहे, तरी टेबलावरची व्यक्ती नाही म्हणू शकते. म्हणून तयारी सुया काढून घेतल्या जातील असे धरूनच करावी. मी आता टोके वेगळी होणारी गोल सुई, म्हणजे लवचिक केबलने जोडलेली दोन आखूड टोके, वापरते. तपासणीपूर्वी दोन्ही टोके फिरवून काढावीत आणि केबलला टोप्या लावाव्यात. मग टोके गेली तरी टाके केबलवर सुरक्षित राहतात. लांब, सरळ धातूच्या सुयांपेक्षा बांबूची आखूड टोके नेणे मला सोयीचे वाटते. शिवाय शेजारच्या प्रवाशाला कोपर लागत नाही. जाळीचे काम असेल तर निघण्यापूर्वी एका पूर्ण ओळीतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा बोथट सुईने ओवून ठेवावा. वरचे सगळे उसवले तरी विण त्या ओळीवर थांबते.

कात्रीचे आधी सांगायला हवे होते. ब्रिटन आणि कॅनडात पात्याची मर्यादा 6 सेंटीमीटर आहे. आत पाते दडलेले गोल धागाकापे मात्र नेऊ नयेत. अमेरिकेत ते केबिनमध्ये चालत नाहीत.

प्रवासासाठी काम निवडायचे तर मोजे सर्वांत उत्तम, असे माझे ठाम मत झाले आहे. मोज्यांच्या लोकरीची 100 ग्रॅमची लड साधारण 400 मीटर भरते आणि तेवढ्यात मोठ्या माणसाची जोडी बहुतेक वेळा पूर्ण होते. 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन असे मिश्रण घेतल्यास टाच लवकर विरत नाही. लडीचा गुंडा घरीच करावा, आणि 10 सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात हे नमुना विणून, धुऊन, वाळवून घरीच मोजावे. गडद रंग टाळावेत. केबिनमधले दिवे मंद केले की काळ्या लोकरीवरचा टाका दिसत नाही. 80 किंवा 100 सेंटीमीटरच्या एकाच गोल सुईवर केबलचा फास बाहेर काढून मोजा विणता येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी टोकदार असलेल्या आखूड सुयांचा संच न्यावा लागत नाही आणि त्यातली एखादी आसनाखाली घरंगळण्याची भीतीही राहत नाही. मुलांसाठी आता मी मोजेच विणते, आणि पुढची जोडी कोणाची यावरून दोघांचे फोन येतात, याचे मला मनापासून समाधान आहे.

लेखी उत्तर परतीच्या आणि विमान बदलण्याच्या विमानतळांकडूनही मागवावे. जाताना चालले म्हणून येताना चालेलच असे नाही. उत्तराला काही आठवडे लागतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर पत्र पाठवावे आणि त्यात एकच प्रश्न विचारावा.