तुम्ही विचारलंत म्हणून: बैलाचं पुस्तक कुठे गेलं?

दर दोन-तीन शनिवारी कुणीतरी विचारतंच, "ताई, ते बैलाचं पुस्तक आता का नाही वाचत?" मी सांगते, पुरात भिजलं. सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं आणि आमच्या तळमजल्यावरच्या वाचनकट्ट्याचा खालचा खण चिखलात गेला, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे पुढे कुणी खोदून विचारत नाही.

पुस्तक भिजलेलं नाही. माझ्या घरी माळ्यावर, कूलरच्या जुन्या ताट्यांमागे आहे.

दुसरा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. "स्वतःसारखं राहायला शिकवणारं एखादं छान चित्रपुस्तक सुचवा ना, वय साडेतीन." साडेतीन वर्षांचं पोर स्वतःसारखं नाही तर कुणासारखं असतं? पण मी खडूसपणा करत नाही, दोन-तीन नावं पाठवते. तेवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायला बसले नसते.

या पुस्तकांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. छापखान्यात कागदाच्या घड्या सोळा पानांच्या पडतात, म्हणून चित्रपुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात. पाचव्या पानावर कळतं की पिल्लू वेगळं आहे, दहाव्या-बाराव्यावर सगळे हसतात, पंचविसाव्यावर कळपावर संकट येतं आणि जे वेगळेपण नको होतं तेच कामी येतं. मग सगळे त्याला खांद्यावर घेतात. म्हणजे उपयोगी पडलास तर वेगळा राहा, नाहीतर पंचविसाव्या पानापर्यंत थांब.

फर्डिनांड, म्हणजे त्या पुस्तकातला बैल, तसा नाही, म्हणून तो माझा लाडका. मन्रो लीफची गोष्ट, रॉबर्ट लॉसनची काळी-पांढरी चित्रं, साल 1936. बाकीचे बैल ढुशा देतात, हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. आई एकदा विचारते, एकटं वाटत नाही का रे, आणि त्याला तिथेच बरं वाटतंय हे दिसल्यावर त्याला बसू देते. पुढे मधमाशीच्या दंशाने उधळतो म्हणून त्याला झुंजीला माद्रिदला नेतात. तिथेही तो बसूनच राहतो, बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत. शेवटी वैतागून घरी आणून सोडतात. कुणाला वाचवत नाही, कुणाच्या कामी येत नाही. फ्रँकोच्या स्पेनमध्ये या पुस्तकावर बंदी होती, नाझी जर्मनीत ते जाळलं गेलं. हे मी पालकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

मूळ गोष्टीत झाड बुचाच्या ओकचं आहे. चित्रात तर फांद्यांवरून बाटलीची बुचं द्राक्षांसारखी घोसाने लटकतात. मी वाचता वाचताच मराठी करायची, तेव्हा "बुचाचं झाड" म्हणून मोकळी झाले. आपल्याकडचं बुचाचं झाड वेगळं, लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचं. पण पोरांना तेच माहीत, कट्ट्याच्या फाटकाशीच उभं आहे. चूक माझी, आणि पुढचं तिच्यातून झालं.

पुराच्या त्या वर्षी तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण, पंधरा सप्टेंबरला होता. सकाळपासून इतवारी-महालाकडे मारबतींची, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्यांची, गर्दी, संध्याकाळी आमच्या लेआउटमध्ये नंदींची रांग. सजावटीला तीन नंबर, प्रत्येक पोराला बोजाऱ्याचे पैसे, परीक्षक तीन, त्यातली एक मी. माइकही माझ्याकडेच. चाळीसेक पोरं, कुणी फेटा बांधलेलं, कुणी मिशी रंगवलेलं, नंदींवर झुली, शिंगांना बेगड. आभाळ भरून आलेलं.

शनिवारी पहिल्या ओळीत बसणारा एक सहा वर्षांचा मुलगा नंदी ओढत आणण्याऐवजी कडेवर घेऊन आला. त्याने तो रांगेबाहेर, फाटकाजवळ ठेवला. पाटाची चारही चाकं काढलेली. पेचकस घेऊन स्वतःच काढली होती, पाटावर ओरखडे होते. झूल नाही, घुंगरू नाही. नाकापुढे बुचाची सात-आठ फुलं, नुकतीच गळू लागलेली, थोडी मातीने माखलेली.

"चाकं कुठे गेली रे?"

"काकू, हा चालत नाही. बसून राहिला."

मला कळलं. त्या गर्दीत दुसऱ्या कुणालाही कळणं शक्य नव्हतं, पण मला तत्क्षणी कळलं, हे आधी लिहून ठेवते. मागून कुणाचे तरी बाबा म्हणाले, "काऊन बे, पंक्चर झाला का?" सगळे हसले. त्याची आजी अवघडून म्हणाली, "पोट्ट्याने सकाळीच खोलून ठेवला जी, आम्ही लई समजावलं." आणि मी माइक तोंडापासून बाजूला न करता म्हणाले, "चल, आधी रांगेत ये बरं. नंदी चालवला नाही तर नंबर कसा मिळेल?"

तो आला. दोरी धरली आणि बिनचाकाचा नंदी ओढू लागला. सिमेंटच्या रस्त्यावर पाट घासल्याचा तो खर्रर्र आवाज माइकने पकडला. फुलं पहिल्याच हिसक्याला पडली, मागच्या नंदीचं चाक त्यांवरून गेलं. तो रडला नाही. वळूनही पाहिलं नाही. रांगेच्या टोकापर्यंत ओढत नेला, बोजाऱ्याचे दहा रुपये घेतले आणि गेला. नंबर आम्ही दिव्यांच्या नंदीला दिला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. मीही स्वतःला वर्षभर हेच सांगितलं. चाळीस पोरं सांभाळायची होती, पाऊस कुठल्याही क्षणी येणार होता. रांग म्हणजे रांग. एकाला बसू दिलं की दुसरा म्हणेल माझा नंदी झोपलाय. आणि परीक्षकाने आपल्या कट्ट्यावरच्या मुलाला झुकतं माप दिलं असतं, तर तेही तुम्हीच बोलला असता. हे सगळं खरंच आहे. पण बाजूला होऊन त्याच्या कानात बोलायला मला किती वेळ लागला असता? किंवा नुसतं "बसू दे" म्हणायला? गोष्टीतली ती गाय, फर्डिनांडची आई, एका ओळीत त्याला बसू देऊन मोकळी होते. ती ओळ मी वीस वेळा तरी वाचली असेल, आणि दर वेळी तिथे थांबून पालकांकडे अर्थपूर्ण बघितलं असेल.

ज्या राजवटींनी पुस्तकावर बंदी घातली, ते जाळलं, त्यांनी निदान ते गंभीरपणे वाचलं होतं.

आठवड्याभराने पूर आला आणि मला आयतं कारण मिळालं. त्या रात्री मी वरच्या खणातली पुस्तकं घरी आणली. त्यात ते होतं. ते परत ठेवलं नाही, एवढंच.

मुलाने कट्टा सोडला नाही, हेही सांगायला हवं. एक महिना आला नाही, मग आला, मागच्या ओळीत बसला. मी दुसरीच पुस्तकं वाचते. पुढल्या तान्ह्या पोळ्याला त्याच्या नंदीला चाकं होती, झूल होती, लुकलुकणारी माळ होती. दुसरा नंबर आला. बक्षीस मीच दिलं. पाटावर नव्या स्क्रूंच्या शेजारी जुनी भोकं तशीच होती, एका कोपऱ्यात मेण भरून बुजवलेलं. तो आनंदात होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. माळ लावणं त्याला खरंच आवडलंही असेल. आठवीपर्यंत मी स्वतः प्रत्येक वर्षी शेतकरीण झाले आणि मला ते फार आवडायचं, मग त्याच्यावरच शंका का घ्यायची?

डबा हातात घेऊन तो म्हणाला, "काकू, ते पुस्तक खरंच भिजलं का?"

मी हो म्हणाले.

तर ज्यांना ते घरी वाचायचं असेल, त्यांनी येऊन घेऊन जा. माळा उंच आहे, स्टूल पुरत नाही, शेजारून शिडी आणावी लागेल. कट्ट्यावर मात्र मला वाचायला सांगू नका.