उलटा के

रविवारी, २८ सप्टेंबर २०२५ला रात्री बाराच्या सुमारास आमच्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटत होते आणि मी पेन्सिलीला टोक काढत बसले होते. दुबईत रिंकू सिंगने चौकार मारला, पाकिस्तान हरलं, आशिया कप आपला झाला. इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातली निम्मी पोरं एकेका स्कूटरवर तिघं-तिघं बसून राजवाड्याकडे निघाली. समोरच्या घरातल्या मुलाने खालून हाक मारली, "चलो आंटी, राजवाडा!" मी गॅलरीतून म्हटलं, माझी मॅच अजून सुरू व्हायची आहे. त्याला वाटलं, म्हातारीचा डोळा लागला होता, निकालच कळलेला नाही. "अरे आंटी, जीत गये अपन!"

माझी मॅच वॉशिंग्टनला होती, साडेबारानंतर. शिकागो व्हाइट सॉक्सचा हंगामातला १६२वा आणि शेवटचा सामना. बेसबॉल. हसा खुशाल. माझी सख्खी बहीणही हसते.

हे खूळ लागलं यंदाच्या उन्हाळ्यात. लेकीकडे शिकागोला तीन महिने होते. जावई दादरचे, पक्के मुंबईकर, पण तिथे गेल्यावर त्यांनी जवळ केला तो शहराच्या दक्षिणेकडचा हा हरणारा संघ. मी विचारलं, त्याच गावात कब्स हा दुसरा संघ आहे, त्याचं बरं चाललंय, मग हे का? म्हणाले, "आई, यांची तिकिटं स्वस्त असतात." खरं कारण तेवढंच नसावं, पण मी खोदलं नाही. एवढं मात्र त्यांनी अभिमानाने सांगितलं की नवे पोप लिओ याच संघाचे आहेत आणि २००५च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, मॅचला ते प्रेक्षकांत बसले होते. त्या वर्षी संघ जिंकला, तो १९१७नंतर पहिल्यांदा. अठ्ठ्याऐंशी वर्षं! त्यानंतर आजतागायत नाही.

आणि २०२४ साली तर कहरच. १६२ सामन्यांत ४१ विजय, १२१ पराभव. विसाव्या शतकापासून आजवर इतके सामने कुठल्याच संघाने एका हंगामात गमावलेले नाहीत. मध्ये सलग २१ हरले. यंदा ६० विजय, १०२ पराभव. लागोपाठ तिसऱ्या वर्षी शंभरावर. म्हणजे गुणपत्रिका पाहिली तर मुलगा नापासच आहे, पण ४१वरून ६०वर आलाय. एकतीस वर्षं गणित शिकवलं मी. अशा मुलाच्या पालकांशी काय बोलायचं ते मला पाठ आहे.

माझं वेड सामन्यापेक्षा स्कोअरिंगचं. बाबा कारकून होते, आणि रविवारी क्लबच्या मॅचचं स्कोअरिंग करत. लहानपणी त्यांनी मुश्ताक अलींना खेळताना पाहिलं होतं. होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली, हे आमच्या घरी पाढ्यांसारखं म्हटलं जाई. तर तिकडे स्टेडियमात माझ्या शेजारी एक आजोबा गुडघ्यावर वही घेऊन बसले होते, आणि वहीत चौकोनच चौकोन. मी मान वाकडी करून बघत राहिले. शेवटी त्यांनी एक जादा पान फाडून दिलं.

बेसबॉलच्या वहीत प्रत्येक जागेला नंबर असतो. चेंडू टाकणारा पिचर १, त्याचा विकेटकीपर म्हणजे कॅचर २, धावताना थांबायचा पहिला टप्पा म्हणजे पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसला फेकला, तिथून पहिल्याला, दोघं बाद, की लिहायचं ६-४-३. चौकोनात हिऱ्याच्या आकाराचं छोटं मैदान. खेळाडू जितक्या बेसपर्यंत पोहोचला तितकी रेघ ओढायची. तीन संधी वाया घालवून बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, की इंग्रजी के. बॅट फिरवून चुकला तर सरळ के. शेवटचा चेंडू हद्दीतून गेला आणि हा नुसता बघत उभा राहिला, तर के उलटा, आरशात दिसतो तसा. ही उलट्या के ची गोष्ट ऐकल्यावर मी या खेळाच्या प्रेमातच पडले. आपल्याकडे त्रिफळा उडाला की उडाला. बॅट फिरवून उडाला की नुसतं बघत, ते वहीत कुठे येतं?

तर ही सॉक्सची पोरं. जावयांचं आणि माझं एकमत कुठेच नाही.

कोल्सन मॉन्टगोमेरी हा शॉर्टस्टॉप. वय तेवीस, ताडमाड, डावखुरा. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेला, म्हणजे घरातला हुशार मुलगा. यंदा वसंतात खालच्या संघात, शार्लटला, त्याची बॅट चालेचना. तेव्हा त्याला सामन्यांतून काढलं आणि ॲरिझोनाला पाठवलं. रोज नुसतं बॅट फिरवण्यावर काम. ४ जुलैला तो मोठ्या संघात आला, आणि ७१ सामन्यांत २१ होमरन, म्हणजे आपले षटकारच म्हणा! जावई म्हणतात, पुढच्या वर्षी पिचर त्याला ओळखतील. दहा वेळा उभा राहिला की साधारण तीनदा स्ट्राइकआउट होतो, खाली घसरणाऱ्या चेंडूवर बॅट घालतो. खरं आहे. मी स्टेडियमात गेले त्या दिवशी त्याने मला दोन के दिले, होमरन एकही नाही. पण दोन्ही सरळ होते. चुकीचं का होईना, पोरगं उत्तर लिहून येतं. मला कोऱ्या पेपरची भीती जास्त. कोऱ्या पेपरात काय तपासणार?

"आई, इथे कधीकधी कोरा पेपरच बरोबर असतो," जावई म्हणाले. हद्दीबाहेरचे चार बॉल सोडले की फुकटात पहिला बेस मिळतो, सोडता येणं हीच कला. त्यांचा लाडका चेस माइड्रॉथ. अंगाने बारका, होमरन मोजके, पण सहजासहजी स्ट्राइकआउट होत नाही. पिचरला दमवतो. इथे मला माघार घ्यावी लागली. वर्गात असा एक मुलगा असतोच, पहिला कधी येत नाही, पण त्याची वही मागून इतर दहा जण पास होतात.

खरा वाद कॅचरवर. दोघे आहेत, दोघेही तरुण, दोघेही यंदाच आले. एडगर क्वेरो क्यूबाचा, दोन्ही हातांनी खेळतो, एप्रिलमध्ये आला. काइल टील जूनमध्ये. गेल्या डिसेंबरात गॅरेट क्रोशे हा संघातला सर्वांत चांगला पिचर बॉस्टनला देऊन चार पोरं घेतली, त्यांतला टील एक, माइड्रॉथ दुसरा. क्रोशेने तिकडे यंदा १८ सामने जिंकून दिले, २५५ स्ट्राइकआउट काढले. बॉस्टनवाले खूश. इकडे जावई म्हणतात, एका घरात दोन विकेटकीपर कशाला, क्वेरोला द्या आणि एखादा पिचर आणा. मी म्हटलं, मुळीच नाही. कॅचर हा दीडशे-दोनशे चेंडू उकिडवा बसून झेलणारा माणूस, त्याचे गुडघे म्हणजे काय जर्मनच्या पातेल्याचं झाकण आहे? एक बसला तर दुसरा लागतोच. शिवाय बावीस वर्षांच्या पोराला सहा महिने पाहून विकायचं, ही बाजारातली घाई झाली. क्रोशे विकला तेव्हा पर्याय नव्हता असं मान्य करते. आता आहे.

आणि शेन स्मिथ. हा पिचर. कॉलेजातून याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. मिलवॉकीने असाच करार केला, पण मोठ्या यादीत ठेवलं नाही. अशा मुलांना डिसेंबरात दुसरा संघ उचलू शकतो, अट एवढीच की वर्षभर मोठ्या संघात ठेवायचं, नाही तर परत करायची तयारी ठेवायची. सॉक्सने पहिलंच नाव त्याचं घेतलं. जुलैत तो ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, संघात होता. जावई लगेच म्हणणार, प्रत्येक संघातला एक तरी घ्यावाच लागतो. घेऊ दे की. मला तर आपला रजत पाटीदार आठवला. २०२२च्या लिलावात त्याला कुणी हात लावला नाही, बदली म्हणून बंगळूरूने बोलावलं, आणि लखनौविरुद्ध बाद फेरीत ११२ नाबाद. यंदा त्याच्याच कप्तानीत बंगळूरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली. इंदूरच्या कुठल्याही पोहेवाल्याकडे उभे राहा, तो पाटीदारला लहानपणापासून ओळखत असतो.

याच मुद्द्यावर मी दादरकरांना गप्प करते. जून २०२२, बंगळूरू, रणजीची फायनल. मुंबई ३७४, आपले मध्य प्रदेशवाले ५३६. यश दुबे, शुभम शर्मा आणि पाटीदार, तिघांची शतकं. सहा गडी राखून जिंकलो. कोच चंद्रकांत पंडित, जे त्याच मैदानावर १९९९ साली मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून फायनल हरले होते. तेवीस वर्षं! "पंडित मुंबईचेच ना," जावई पुटपुटतात. हो, पण इथे येऊन त्यांनी याच पोरांना हाताशी धरलं. सॉक्सचा मॅनेजर, म्हणजे त्यांचा कोच, विल व्हेनेबल, त्याचंही हे पहिलंच वर्ष होतं. १०२ हरला म्हणून त्याला काढा म्हणणाऱ्यांत मी नाही.

रिंकू सिंगवरून आठवलं. त्याच नावाचा आणखी एक मुलगा, तोही उत्तर प्रदेशचाच, २००८ साली टीव्हीवरच्या चेंडू फेकायच्या स्पर्धेत जिंकला आणि दिनेश पटेलबरोबर पिट्सबर्ग पायरेट्सशी करार करून अमेरिकेला गेला. भालाफेक करणारा पोरगा, हातात बेसबॉल कधी धरला नव्हता. पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. हे मी समोरच्या मुलाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "आंटी, आप कुछ भी बोलते हो."

तर रविवारची रात्र. घट बसलेले, अखंड दिव्यात तेल घालायला मला मध्ये उठावंच लागतं, तेव्हा जागरणाला घरात कुणी बोलत नाही. एका फोनवर दुबईत ट्रॉफी कुणाच्या हातून घ्यायची याचा घोळ तासभर चालला होता, दुसऱ्यावर वॉशिंग्टन. वही मांडीवर. पहिले चार डाव नीट लिहिले. रस्त्यावरचे हॉर्न कमी झाले. पाचव्यात मान कधी पडली कळलं नाही. जाग आली ती साडेपाचला, गालावर पेन्सिलीचा वळ. आधी धावत देवघरात गेले. दिवा होता, जेमतेम.

सात वाजता फोन आला. मी पोहे भिजवत होते, फोन डब्यांना टेकवून ठेवला. लेक म्हणाली, आई, तुझे डोळे बघ. नात मागून ओरडली, "आजी, सीझन ओव्हर!" जावयांनी निकाल सांगायला तोंड उघडलं, मी थांबवलं, आधी वहीतलं बोलू. मग चार डावांवर आम्ही अर्धा तास भांडलो. क्वेरोवर तडजोड झाली: फेब्रुवारीत ॲरिझोनाला सराव सुरू होईल, तोवर त्याला विकायची भाषा काढायची नाही. मॉन्टगोमेरीवर तडजोड नाही. पोहे गाळ झाले.

शेवटी म्हणाले, "आई, उरलेल्या डावांचे फोटो पाठवतो, वही पूर्ण करून टाका."

नको म्हटलं. बाबा पाणी प्यायला उठले तरी तेवढ्या षटकापुरती वही दुसऱ्याच्या हातात देत, आणि त्याचं अक्षर तसंच राहू देत. माझ्याकडे रात्री दुसरं कुणी नव्हतं. पाचव्या डावापासूनचे चौकोन कोरे आहेत, आणि त्याखाली पेन्सिलीची एक लांब रेघ आहे, झोपेत गेलेली, थेट शॉर्टस्टॉपच्या रकान्यापासून पानाबाहेर.