चार्टर हायस्कूल काढलं, पण वर्ष गेलं इमारतीत

न्यू जर्सीतल्या आमच्या उपनगरात आम्ही काही पालकांनी आणि दोन शिक्षकांनी मिळून चार्टर हायस्कूल काढलं, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्रपणे चालवली जाणारी शाळा. लोकांना वाटतं, राज्याच्या शिक्षण खात्याने छळलं असेल. तसं नाही. १९९५ च्या कायद्यात सगळं लिहिलेलं आहे. अर्ज, मुलाखत, मंजुरी हे रीतसर झालं.

अडकलो ते टाउनशिपच्या झोनिंग बोर्डात, म्हणजे कुठल्या जागेचा कशासाठी वापर करता येईल हे बघणाऱ्या स्थानिक मंडळात.

चार्टर शाळेत फी नाही. शालेय जिल्ह्याकडून (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) दर मुलामागे फार तर ९० टक्के रक्कम मिळते, इमारतीला वेगळा पैसा नाही. म्हणून एक रिकामं ऑफिस भाड्याने घेतलं. त्या झोनमध्ये शाळा बसत नव्हती, म्हणजे व्हेरियन्स आला, नियमातून खास सूट. त्यासाठी २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या १० दिवस आधी नोटीस पाठवायची, शिवाय पेपरात जाहिरात. साताऱ्याहून आलेली आई जेवणाच्या टेबलावर बसून पाकिटांवर हिरव्या पोचपावत्या चिकटवत होती. सेहेचाळीस पाकिटं.

फेब्रुवारीत सुनावणीला गेलो तर बोर्डाचे वकील म्हणाले, जाहिरात नऊ दिवस आधी छापली आहे, आम्ही हे प्रकरण ऐकूच शकत नाही. स्थानिक साप्ताहिकाने आमची जाहिरात एक अंक पुढे ढकलली होती, आम्हाला न कळवता. मीटिंग महिन्यातून एकच. पुन्हा सेहेचाळीस पाकिटं. मार्चमध्ये आमचा नंबर येईपर्यंत रात्रीचे दहा वाजले आणि दहानंतर नवीन प्रकरण घेत नाहीत. एप्रिलमध्ये सातपैकी पाचच सदस्य हजर. अशा व्हेरियन्सला साधं बहुमत चालत नाही, पाच मतं लागतात. एकाने जरी नाही म्हटलं तरी संपलं. आमच्या वकिलांनी थांबा म्हटलं, थांबलो. किती सदस्य येणार हे आदल्या दिवशी फोन करून विचारत जा, आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

तोवर प्रवेशाची सोडत झालेली. रोज पालकांचे फोन, "ताई, शाळा उघडणार ना? की जिल्ह्याच्या शाळेत नाव ठेवू?" मी हो म्हणत होते आणि रात्री झोप लागत नव्हती. त्या चार महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

मे महिन्यात सहा विरुद्ध एक मतांनी मंजुरी मिळाली. मी तिथेच रडले. सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे इमारत वापरायचा दाखला, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडलं. ते नसतं तर एकही मूल आत घेता आलं नसतं. जागा बघतानाच फायर इन्स्पेक्टरला सोबत न्या, आमचे दोन जिने नंतर बदलावे लागले.

पहिल्या वर्षी फक्त नववी, मग दरवर्षी एक इयत्ता. पहिला चार्टर, म्हणजे शाळा चालवायची राज्याची परवानगी, ४ वर्षांचाच असतो, म्हणजे पहिली बॅच बारावीत असतानाच नूतनीकरणाची फाइल द्यायची. हजेरी आणि निकाल पहिल्या दिवसापासून नीट लावून ठेवा. आम्हाला पुढची ५ वर्षं मिळाली, आणि त्याच जूनमध्ये आमची पहिली मुलं गाउन घालून स्टेजवर चढली.

आणि हो, जाहिरात दिली की तो अंक हातात येईपर्यंत साप्ताहिकाच्या मागे लागा, आणि छापल्याचं प्रतिज्ञापत्र स्वतः जाऊन आणा.