आकडा मर्यादेतच होता

अहवालात त्या दुपारची वाहतूक ‘मध्यम’ अशी नोंदली आहे. आकड्यांनी बघितलं तर ते खरंच आहे. एका सेक्टरमध्ये, म्हणजे आकाशाच्या आमच्याकडे सोपवलेल्या तुकड्यात, तासाला किती विमानं घ्यायची याची मर्यादा ठरलेली असते आणि आम्ही तिच्या बरेच आत होतो. तरीही ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही.

लोकांना वाटतं, हवाई वाहतूक नियंत्रण म्हणजे पडद्यावरचे ठिपके बघत बसणं. डोळ्यांचं काम असतंच, पण खरा ताण कानांवर येतो. सेक्टरमधली सगळी विमानं रेडिओच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. मी सूचना द्यायची, पायलटने ती जशीच्या तशी परत म्हणायची, आणि तो नेमकं काय म्हणाला ते मी ऐकायचं. या रीडबॅकवर आमचा सगळा डोलारा उभा आहे.

त्या दिवशी मार्गावर आडवी ढगांची भिंत उभी होती. एरवी विमान माझ्याशी तीन-चार वेळा बोलतं: आलो, खाली सोडा, पुढच्या सेक्टरला जातो. ढग असले की तेच विमान दहा वेळा बोलतं. वीस मैल डावीकडे जाऊ का? अजून दहा मिळतील का? इथे फार हेलकावे आहेत, दुसरी लेव्हल द्या. विमानं तेवढीच, बोलणं तिप्पट. मी सेक्टर दोघांत वाटून द्यायला सांगितलं, तर सुपरवायझर म्हणाले, “आकडा अजून खाली आहे, बघू.” ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या पडद्यावर विमानांची संख्या दिसते, रेडिओ किती भरलाय ते दिसत नाही. शिवाय सेक्टर वाटणं हेही काम असतं: प्रत्येक विमान नव्या माणसाला समजावून द्यावं लागतं. गर्दी टिपेला पोचल्यावर वाटणी करायला वेळच उरत नाही. ती आधीच करावी लागते.

एकाच कंपनीची दोन विमानं होती, कॉलसाइनच्या, म्हणजे रेडिओवरच्या नावाच्या, शेवटी ४१२ आणि ४२१. असे जुळे आकडे एका वेळी एका सेक्टरमध्ये येऊ देऊ नयेत हे सगळ्यांना माहीत आहे, तरी वेळापत्रक करणारे ते देतात. ४१२ लेव्हल ३३० वर, म्हणजे ३३ हजार फुटांवर, होतं आणि हेलकाव्यांमुळे खालची लेव्हल मागत होतं. त्याच्या खाली ३२० वर समोरून एक विमान येत होतं, म्हणून मी त्याला ‘स्टँडबाय’ सांगितलं. मग ४२१ ला खाली उतरायची सूचना दिली: “फोर टू वन, डिसेंड टू फ्लाइट लेव्हल टू सिक्स झीरो.”

उत्तर आलं. सुरुवातीला जरा खरखर, शेवट अगदी स्वच्छ: “टू सिक्स झीरो, फोर टू वन.” रीडबॅक बरोबर. नियमाने त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

शेजारी प्लॅनरच्या, म्हणजे इतर सेक्टरशी समन्वय ठेवणाऱ्याच्या, जागेवर बसलेला मुलगा पुढच्या सेक्टरशी फोनवर बोलत होता. त्याने फोन तसाच धरून माझ्याकडे वळून म्हटलं, “मॅडम, दोघं होते.”

मी पडद्यावर ४१२ चं उंची दाखवणारं लेबल बघितलं. ३२९. विचारत बसायला वेळ नव्हता. “फोर वन टू, स्टॉप डिसेंट, मेंटेन थ्री थ्री झीरो!” लेबल ३२८ झालं, तिथेच थांबलं, मग ३२९, मग ३३०. समोरचं विमान अजून वीसेक मैल दूर होतं. ऐकायला लांब वाटतं, पण समोरासमोर येणारी दोन जेट विमानं मिनिटाला पंधरा मैलांच्या आसपास अंतर खातात. उंचीचं अंतर हजार फुटांच्या खाली गेलं होतं, आडवं अंतर मात्र पाच मैलांहून कितीतरी जास्त होतं; दोन्हींपैकी एक पुरतं, म्हणून कागदावर सेपरेशन, म्हणजे विमानांमधलं सुरक्षित अंतर, तुटलं नाही.

४१२ चा पायलट निष्काळजी होता असं मी म्हणणार नाही. तो खाली जाण्याच्या परवानगीचीच वाट बघत होता आणि जवळजवळ आपल्याच नावाने ती आली. त्याने रीडबॅकही दिला, पण ४२१ ने त्याच क्षणी दिला. विमानांचा आवाजी रेडिओ अजून एएम पद्धतीचा आहे. दोघं एकदम बोलले तर कधी कर्कश शिट्टी येते, तर कधी जोरकस सिग्नलखाली दुसरा जवळजवळ पुसला जातो. आणि बोलणाऱ्या दोघांनाही आपला आवाज दबला हे कळत नाही. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली, त्यात हेही एक कारण होतं. टॉवर ‘थांबा’ म्हणत होता, दुसरं विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ सांगत होतं, आणि उड्डाणासाठी धाव घेणाऱ्या केएलएम कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्या दोन वाक्यांच्या जागी शिट्टी पोचली.

काही केंद्रांत पायलटने ऑटोपायलटला कोणती लेव्हल लावली ती रडारच्या लेबलवरच दिसते. आमच्याकडे दिसत नाही. ती दिसत असती तर ४१२ एक फूटही हलण्याआधी मला कळलं असतं.

अहवालात लिहिलंय, ‘चूक नियंत्रकाने वेळीच ओळखली.’ हे मला मान्य नाही. ओळखली त्या मुलाने, आणि फ्रिक्वेन्सी ऐकणं हे त्या क्षणी त्याचं काम नव्हतं. त्याचा कान तयार आहे, पण पुढचा फोन अर्धा मिनिट लांबला असता तर? तसं मी जोडपत्रात लिहून दिलं. टेप पुन्हा ऐकून मिनिटामागे रेडिओ किती सेकंद मोकळा होता, तेही मांडलं. सुपरवायझरच्या पडद्यावर विमानांच्या संख्येशेजारी रेडिओ किती भरलाय तेही दिसावं अशी मागणी केली.

कंपनीने एक कॉलसाइन बदलला आणि प्रकरण बंद झालं. जोडपत्राला उत्तर आलेलं नाही. ढगांमुळे मार्ग सोडण्याची पहिली विनंती आली की आता मी लगेच सेक्टर वाटून मागते, आकडा कितीही असो. त्यावरून दोनदा वाद झालाय, आणि पुन्हा झाला तरी मी मागणारच.